गुरचरण खणण्याआधी माती मोजा

खालापूर तालुक्यातील आमच्या ओळखीच्या एका वाडीच्या मागे एक टेकाड आहे. सातबाऱ्यावर त्याची नोंद 'गुरचरण' अशी आहे. पावसाळा सरत आला की तिथे कमरेइतके गवत उभे राहते. वाडीतल्या बहुतेक घरांना स्वतःची शेती नाही. कुणी खोपोलीकडे कारखान्यात कंत्राटी कामाला जातो, कुणी खडी क्रशरवर, कुणी गवंड्याच्या हाताखाली. पण घरटी दोन-चार शेळ्या मात्र आहेत. मुलीची वह्या-पुस्तके असोत की म्हातारीचे औषध, अडीनडीला शेळीच धावून येते. ज्यांच्या नावावर एक गुंठाही नाही, त्यांची शिल्लक त्या टेकाडावर चरत असते.

मागच्या हिवाळ्यात त्या टेकाडावर दगडखाण होणार अशी बातमी वाडीत आली. संध्याकाळी विहाराच्या ओट्यावर बैठक बसली. आम्हीही गेलो होतो. तरुण पोरे म्हणाली, "काम मिळंल. रोज पनवेलला जायला नको." आयाबाया म्हणाल्या, "आणि शेळ्या कुठं न्यायच्या?" त्यावर एकाने सांगितले की, खाणवाल्याचा माणूस म्हणतो, दगड काढून झाला की जागा पुन्हा हिरवीगार करून देऊ. सगळे गप्प झाले. मग कोपऱ्यात बसलेले एक आजोबा बोलले, "हिरवं करून देतील, पण कशात? माती कुठनं आणणार?"

वाचकहो, आजोबांच्या या एका प्रश्नातच आजच्या लेखाचा विषय आहे.

आमच्या लहानपणचा खड्डा

आम्ही शाळेत जात होतो तेव्हा आमच्या वाडीजवळच्या माळावरून रस्त्यासाठी मुरूम नेला गेला. कोणी नेला, कोणाच्या परवानगीने नेला, हे विचारण्याची आमच्या वाडवडिलांची प्राज्ञा नव्हती. मुरूम गेला, रस्ता झाला, खड्डा मात्र राहिला. पुढे त्यात दगडगोटे व राडारोडा लोटून तो बुजवला असे कागदोपत्री झाले. एका वर्षी झाडेही लावली. पुढच्या मे महिन्यात काठ्या तेवढ्या उभ्या होत्या. आज इतकी वर्षे झाली, तिथे रानमोडी आणि टाकळा यांखेरीज काही उगवत नाही. आणि या दोहोंना जनावर तोंड लावत नाही.

खड्डा भरला होता, झाडे लावली होती, पाऊसही भरपूर होता. मग चुकले काय? माळावरची चार-सहा इंचांची वरची माती सर्वांत आधी उचलली गेली आणि मुरुमाबरोबर रस्त्याखाली गाडली गेली. ती किती होती, कशी होती, कुणीही मोजले नव्हते. जे मोजलेच नाही ते परत काय मागणार?

न्यायालय काय म्हणते?

पुष्कळांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. ८ जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'कॉमन कॉज' या संस्थेच्या प्रकरणात एक महत्त्वाचा आदेश दिला. तेव्हा सरन्यायाधीश होते आपल्या नागपूरचे शरद बोबडे. खाणकाम संपल्यावर खाणधारकाने त्या जागेवर आणि खाणीमुळे बिघडलेल्या आसपासच्या जागेवरही पुन्हा गवत उगवले पाहिजे, जमीन चारा, झाडेझुडपे व प्राणिजीवन वाढण्यास योग्य केली पाहिजे, अशी अट सरकारने घालावी, असा तो आदेश. खर्चही खाणधारकाचाच. त्याच महिन्यात केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने ही अट मंजुरीच्या पत्रांत घालण्याचे परिपत्रक काढले.

आमच्याकडचा दगड, मुरूम, विटांची माती ही सारी 'गौण खनिजे' गणली जातात. मोठ्या खनिजांसाठी केंद्राचे खनिज संवर्धन व विकास नियम आहेत. वरची माती वेगळी काढा, वेगळी साठवा आणि जमीन सुधारताना वापरा, असे त्यांत सांगितले आहे. पण गौण खनिजांना ते नियम लागू होत नाहीत. त्यांच्यासाठी राज्याचे २०१३ चे नियम आहेत. तरीही लहान खाण म्हणजे मोकळे रान, असे कुणी समजू नये. २७ फेब्रुवारी २०१२ रोजी दीपक कुमार प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरहून लहान खाणींनाही पर्यावरण मंजुरी आवश्यक ठरवली. त्या मंजुरीच्या पत्रातच गवताची अट असते.

अट कागदावर आली ही मोठी गोष्ट झाली. परंतु आधीची जमीन कशी होती याची नोंदच नसेल, तर ती पूर्ववत झाली की नाही हे कोण ठरवणार? म्हणून मातीचे सर्वेक्षण पोकलेन येण्याआधी व्हायला हवे. नंतर ते करून उपयोग नाही.

माती वाचायची कशी?

त्या वाडीतलीच एक लेक कृषी पदवी घेऊन आज जमीन पाहणीच्या कामावर असते. दिवाळीनंतरच्या एका रविवारी ती घरी आली होती. तिच्याबरोबर आम्ही टेकाडावर गेलो. बरोबर आजोबा, दोन बाया आणि पोरांचा घोळका. हीच वेळ योग्य, असे तिने सांगितले. जमिनीत ओल असते, गवत तुऱ्यावर असल्याने ओळखू येते. मे महिन्यात पहारही आत जात नाही आणि गवताची काडी दिसत नाही.

आधी तिने गावनकाशा पसरला. टेकाडाचा माथा, उतार आणि पायथ्याची सखल जागा असे तीन भाग पाडले. "एकच गट नंबर असला म्हणून माती एकच नसते," ती म्हणाली. मग ठरावीक अंतरावर गिरमिटाने भोके पाडून माती किती खोल आहे ते पाहिले. जिथे माती बदलली तिथे खूण केली. आणि प्रत्येक भागात एकेक खड्डा खणला, कातळ लागेपर्यंत. मातीच्या अभ्यासात खड्ड्याची उभी भिंत म्हणजे पुस्तकाचे पान.

उतारावरच्या खड्ड्यात आम्ही वाकून पाहिले. वरचा थर काळपट तांबूस, गवताच्या मुळांनी विणलेला, जेमतेम पाच इंच. त्याखाली वीतभर तांबडी, गोटे मिसळलेली माती. मग मुरूम. आणि मग सह्याद्रीचा काळा पाषाण. पायथ्याच्या खड्ड्यात मात्र काळसर माती कंबरेइतकी खोल निघाली. शेकडो पावसाळ्यांनी वरून आणून टाकलेली ती माती. माथ्यावर तर दोन बोटे माती, खाली नुसता कातळ.

प्रत्येक थराची तिने नोंद घेतली. खोली किती, रंग कोणता (रंगासाठी 'मुन्सेल' नावाची छापील रंगपत्रिका असते, तिच्याशी ओला ढेकूळ ताडून पाहतात), दगडगोटे किती, मुळे कुठवर गेली आहेत, ढेकळे कशी फुटतात, उतार किती, धूप कुठे सुरू आहे. मग ओली माती तळहातावर घेऊन अंगठ्याने पुढे सारत तिने पट्टी काढली. पट्टी लांब निघाली तर चिकणमाती जास्त, लगेच तुटली तर वाळू जास्त. बरोबरच्या मावशी हसून म्हणाल्या, "हे तर भाकरीचं पीठ मळल्यावानी झालं." खरेच आहे. कोणत्या पिठाला किती पाणी, हे हाताला कळणाऱ्या आमच्या आयाबायांना ही विद्या अवघड नाही.

पुढे तळ नसलेला पत्र्याचा डबा जमिनीत ठोकून त्यात पाणी ओतले आणि घड्याळ लावले. गवताखालच्या जमिनीत पाणी लवकर मुरले. गाड्यांच्या चाकोरीत तेच पाणी कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. शेवटी थराथराची माती वेगवेगळ्या कापडी पिशव्यांत भरून चिठ्ठ्या लावल्या. प्रयोगशाळेत तिचा सामू, म्हणजे आम्लता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश पाहतात.

एक काम आजोबांनी केले. कोणते गवत कुठे उगवते, ते त्यांनी चालता चालता सांगितले. पवन्या कुठे, मारवेल कुठे, कुसळी कुठे, शेळी काय आधी खाते, म्हैस काय टाकते. ती लेक म्हणाली, "आजोबा, हे माझ्या यंत्रात दिसत नाही. तुम्ही सांगता म्हणून नोंद होते." पुढे जमीन 'चाऱ्यास योग्य' झाली की नाही, हे ठरवण्याचे खरे माप तेच आहे. टाकळ्याने हिरवी झालेली जमीन फोटोत हिरवी दिसते, पण शेळी उपाशीच राहते.

आपल्या महाराष्ट्रात या शास्त्राचे मोठे घर आहे. नागपूरला १९७६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन संस्था सबंध देशाच्या मातीचे नकाशे तयार करते. आणि आपल्या कर्जतचे कृषी संशोधन केंद्र 'कर्जत-३', 'कर्जत-१८४' अशा भाताच्या जातींसाठी शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. भाताच्या खाचराची माती तपासायची असते हे आता सर्वांना पटले आहे. गुरचरणाची माती मात्र 'पडीक' म्हणून कोणी पाहत नाही. ज्या जमिनीवर गरिबाचे जनावर जगते ती पडीक कशी?

वरच्या पाच-सहा इंचांची किंमत

आता थोडा हिशेब करू. एक एकर म्हणजे ४३,५६० चौरस फूट. त्यावरची सहा इंच माती म्हणजे २१,७८० घनफूट. ब्रासच्या हिशेबात सुमारे २१८ ब्रास. दोन ब्रासचा डंपर धरला तर १०९ फेऱ्या! एवढी माती एका एकरावरून 'कचरा' म्हणून ढकलली जाते. आणि इंचभर माती तयार व्हायला शेकडो वर्षे लागतात.

या वरच्या थरातच सेंद्रिय कर्ब असतो, गवताचे बी असते, गांडुळे असतात, डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जिवाणू व बुरश्या असतात. खालच्या मुरुमात यातले जवळजवळ काही नसते. म्हणून माती थराथराने वेगळी काढून ठेवली तरच ती परत कामी येते. वरची काळपट वेगळी, खालची तांबडी वेगळी, मुरूम वेगळा. परत भरताना उलट्या क्रमाने: आधी गोटे, मग मुरूम, मग तांबडी, सर्वांत वर काळपट माती.

साठवण्यातही अक्कल लागते. ढीग उंच केला तर आत हवा पोचत नाही आणि मातीतला जीव मरतो. म्हणून ढीग बुटका व पसरट ठेवायचा, त्यावर गाडी फिरवायची नाही, ओढ्यापासून लांब ठेवायचा आणि त्यावर लगेच गवताचे नाहीतर शेंगवर्गीय झाडोऱ्याचे बी टाकायचे. आमच्या कर्जत-खालापुरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक चार महिन्यांतच कोसळतो. उघडा ढीग पहिल्या पावसाळ्यातच उल्हास नाहीतर पाताळगंगेला जाऊन मिळायचा.

उताराची नोंद का घ्यायची, हे खालापूरकरांना वेगळे सांगायला नको. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाच्या उतारावरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. २७ मृतदेह हाती लागले. कितीतरी माणसे मातीखालीच राहिली. तो घाव अजून ओला आहे. उभ्या उतारावर कातळावर बसलेली माती आणि मुसळधार पाऊस यांचा मेळ किती भयंकर असतो, हे त्या रात्रीने दाखवले. म्हणून कोणत्याही टेकडीला हात लावण्याआधी उतार, मातीची खोली आणि पाण्याची वाट कागदावर आलीच पाहिजे.

इतर ठिकाणचे धडे

नागपूर जिल्ह्यात गुमगाव येथे मँगनीजची खाण आहे. खाणीतून निघालेल्या टाकाऊ दगडमातीच्या ढिगाऱ्यावर काही उगवत नव्हते. नागपूरच्या 'नीरी' संस्थेच्या शास्त्रज्ञांनी आधी त्या ढिगाऱ्याची तपासणी केली. त्यात सेंद्रिय द्रव्य व नत्र यांची वाण आहे हे पाहून साखर कारखान्यात रस गाळल्यावर उरणारा प्रेसमड त्यात मिसळला, नत्र स्थिर करणारे जिवाणू व मुळांना मदत करणारी बुरशी घातली आणि मग झाडे लावली. झाडे जगली. मृत जमीन जिवंत होऊ शकते, हा त्यातला आशेचा भाग. पण त्यासाठी किती शास्त्र, किती पैसा, किती वर्षे! वरची माती जपली असती तर यातले पुष्कळ कष्ट वाचतात.

गोव्यात उलट चित्र दिसले. लोहखनिजाच्या खाणींवरचे टाकाऊ मातीचे डोंगर पावसात वाहून डिचोली, सत्तरीकडच्या शेतांत व ओढ्यांत गाळ होऊन बसले. खाणीवरची माती खाणीवर राहिली नाही की खालचे शेतही धड राहिले नाही. अमेरिकेत कोळशाच्या उघड्या खाणींसाठी १९७७ साली कायदाच झाला. वरची माती आधी वेगळी काढा, जपा आणि परत पसरा, असे तो बजावतो. तिथल्या चराऊ कुरणांवर खाण सुरू होण्याआधी मातीचे नकाशे तयार होतात. तिथे जे गोठेवाल्यासाठी होते ते इथे शेळीवालीसाठी का होऊ नये?

एक कटू सत्य

इथे आम्ही वाचकांना फसवू इच्छित नाही. पाषाणाची खाण खोल गेली की मागे उभ्या कड्याचा खड्डा उरतो. तेवढा दगड रस्त्यांत आणि इमारतींत गेलेला असतो. तो भरायला परत येत नाही. त्या कड्यावर गवत येणार नाही, सर्वेक्षण कितीही चांगले केले तरी नाही. गवत परत येऊ शकते ते पायऱ्या-पायऱ्यांनी खणलेल्या सपाट टप्प्यांवर, क्रशरच्या आवारात, वाहनांच्या वाटांवर.

मग सर्वेक्षणाचा उपयोग काय? सर्वांत मोठा उपयोग हाच की, कुठे खणू नये हे त्यातून कळते. आम्ही पाहिलेल्या टेकाडावर माथ्याला दोन बोटे माती होती आणि पायथ्याला कंबरभर. पायथ्याच्या मातीवर सर्वांत दाट चारा आहे, तिथेच पाणी मुरते. तो भाग सोडून द्या, असे बोट ठेवून सांगता येते. माथ्याबद्दल काय ते ग्रामसभेने ठरवावे. काम हवे की चारा, असा वाद वाडीत लावून देणे सोपे असते. माती मोजली की काय मिळणार आणि काय कायमचे जाणार, हे दोन्ही समोर येते. मग माणसे डोळसपणे निर्णय घेतात. न पाहता मान डोलवू नये, स्वतः पडताळून पाहावे, ही तर आपल्याला मिळालेली शिकवणच आहे.

आपण काय करावे?

गावात खाणीची चर्चा सुरू होताच पुढील गोष्टी कराव्यात.

१. सातबारा काढून जमीन गुरचरण आहे का ते पाहावे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २२ अन्वये जमीन गुरचरणासाठी राखून ठेवता येते.

२. ग्रामसभेत ठराव मांडावा: खणण्याआधी थराथराचे मातीचे सर्वेक्षण व्हावे, त्याचा नकाशा मराठीत ग्रामपंचायतीत लावावा.

३. बाजूचा न खणलेला गुरचरणाचा तुकडा 'नमुना' म्हणून राखावा. पुढे जमीन सुधारली का, याची तुलना त्याच्याशी करावी.

४. वरची माती किती ब्रास निघेल, कुठे साठवणार, हे लिहून घ्यावे. ती माती बाहेर विकली जाणार नाही याकडे लक्ष ठेवावे.

५. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली खाण आराखडा व पर्यावरण मंजुरीचे पत्र मागावे. मंजुरीच्या अटी पाळल्याचा अहवाल दर सहा महिन्यांनी द्यावा लागतो आणि तो जनतेला पाहता येतो.

६. सर्वेक्षणाच्या दिवशी शेळ्या चारणाऱ्या बायांनी व जुन्या माणसांनी हजर राहावे. त्यांना ठाऊक असलेले गवत नोंदीत आलेच पाहिजे.

मुलांसाठीही एक प्रयोग. काचेच्या बाटलीत तिसरा हिस्सा माती घ्या, बाकी पाणी भरा, झाकण लावून खूप हलवा आणि बाटली रात्रभर तशीच ठेवा. सकाळी तळाला वाळू, त्यावर गाळ, त्यावर चिकणमाती असे थर दिसतील. वर काडीकचरा तरंगेल. गुरचरणाची माती आणि जुन्या खड्ड्यातली माती अशा दोन बाटल्या शेजारी ठेवून पाहा. फरक मुलेच तुम्हाला सांगतील.

ज्यांनी जमीन मागितली

६ डिसेंबर १९६४ रोजी कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचा देशव्यापी सत्याग्रह सुरू झाला. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, ही त्यातली एक मोठी मागणी. लाखो स्त्री-पुरुषांनी तुरुंगवास पत्करला. त्यात आपल्यापैकी कित्येकांचे आजी-आजोबा असतील. इतरांना जी जमीन ओसाड वाटत होती तिच्यात भाकर आहे, हे त्या अडाणी म्हणवल्या गेलेल्या माणसांनी ओळखले होते.

५ डिसेंबर हा जागतिक मृदा दिन. दुसऱ्या दिवशी आपण चैत्यभूमीला असतो. यंदा निघण्याआधी आपल्या वाडीच्या गुरचरणावर एक चक्कर टाकावी, पोराबाळांना न्यावे, एक हातभर खड्डा खणून माती किती खोल आहे ते वहीत लिहून ठेवावे, आणि खड्डा तसाच उलट्या क्रमाने बुजवावा.

त्या वाडीतल्या नोंदी एका शाळकरी मुलीच्या वहीत उतरल्या आहेत. खाणीचे पुढे काय होणार ते अजून ठरलेले नाही. परंतु आजोबांनी विचारलेल्या प्रश्नाला आता वाडीकडे आकड्यांत उत्तर आहे. माती कुठनं आणणार? आणायची नाही. आहे ती मोजायची, आणि तिला कुणी हात लावलाच तर थर न थर परत मागायचा.